कोणीही हरकत घेतली नाही

‘‘यांचं नाही म्हणजे नाही नसतं गं. भाव वाढवतायत. तू मॅडमना ‘हो’ सांग.’’

साहेब हे मला मराठीत म्हणाले, शेजारच्या परदेशी मॅडमना कळू नये म्हणून. हसत हसत. समोर सतरंजीवर माझा अख्खा वारली पाडा बसला होता आणि त्यातल्या प्रत्येकाला मराठी कळतं. बाजारात, कचेरीत आम्ही तीच बोलतो. साहेबांना ते सुचलंच नाही. माझी आई तिसऱ्या ओळीत होती. तिनं मान खाली घातली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

हायवेपासून झरीजवळच्या आमच्या पाड्यापर्यंत गोदामांची वसाहत होणार होती. पैसा देणार होती बऱ्याच देशांनी मिळून काढलेली एक बँक. तिचा नियम आहे, जमीन ज्यांची जाते त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. आता ऐकून घेण्याचंही कंत्राट निघतं! ते चारोटीच्या एका कंपनीला मिळालं. साहेब त्या कंपनीचे. मी त्यांची दुभाषी. आश्रमशाळा, मग डहाणूचं कॉलेज, मग ही नोकरी. ऑफिसात माझा चहाचा कप वेगळा, दांडी तुटलेला. कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही तोच उचलायचे. सवय लागते माणसाला.

आणि पहिली चूक माझीच.

त्याआधी पाड्यावर एक सभा झाली होती. आमच्याकडे रीत आहे. आपल्या दारात जो पाणी प्यायला, त्याला तोंडावर नकार द्यायचा नाही. माणसं नुसती उठून जातात. आधी म्हातारी, मग बाया, मग बापये. शेवटचा उठला की पाहुण्यानं काय ते समजावं. साहेब पाणी प्यायले, तासभर बोलले, मग विचारलं, ‘‘कुणाची हरकत?’’ लखमी आजी उठली. आमच्या पाड्यात लग्नं लावते ती. तिच्या मागे एकेक करत सगळे उठले. सतरंजी रिकामी झाली.

साहेबांनी मला लिहायला सांगितलं, ‘‘कोणीही हरकत घेतली नाही.’’

मी लिहिलं. दुभाषी म्हणून खाली सही केली. ती रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. पण नोकरी जाईल ही भीती मोठी होती.

त्यानंतर पाड्याभोवती खुणा उमटायला लागल्या. दगडांवर लाल आकडे. भाताच्या शेतात लोखंडी खुंट्या. दुपारी ड्रोन यायचं, छपरावर थांबायचं, आणि कोंबड्या पिलांना घेऊन घरात पळायच्या. वाघोबाच्या खांबावरही आकडा पडला. कंपनीच्या अहवालात आमचा देव मला असा सापडला: लाकडी खांब, नग एक, हलवता येईल. अच्छाडच्या बाजूनं जीप यायची. आतली माणसं उतरायची, उभी राहायची, निघून जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, ‘‘तुम्हीच तर हो म्हणालात.’’

घरात मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. आई ताट वाढायची आणि बोलायची नाही. त्यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग बँकेच्या परदेशी मॅडम तपासणीला आल्या. त्यांनीही पाणी घेतलं. पण या वेळी लखमी आजीनं जन्मात पहिल्यांदा रीत मोडली. सगळ्यांदेखत उभी राहिली आणि पाहुण्यांच्या तोंडावर बोलली.

‘‘जमीन नाय देणार. परत इचारू नका. लिवून घ्या.’’

त्यावर साहेब मला वाकून म्हणाले, ‘यांचं नाही म्हणजे नाही नसतं.’

मुकी बिचारी कुणीही हाका. पण आम्ही मुके नव्हतो. आमची तोंडं मीच बंद करत होते, पगार घेऊन. मी इंग्रजीत बोलायला लागले. आधी आजीचं वाक्य. मग साहेबांचं, जसंच्या तसं. मग पहिल्या सभेत सतरंजी कशी रिकामी झाली ते, आणि खालची सही माझी आहे तेही. ‘‘गाडीत जाऊन बस,’’ साहेब म्हणाले. मी गेले नाही.

मी मॅडमना विचारलं, हे सगळं शेवटी ठरवतं कोण? त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं मान्य करते. दूर एक मंडळ आहे. ज्या देशाचं भांडवल जास्त, त्याची मतं जास्त. आपला देश आणि शेजारचे दोन-तीन मिळून एक खुर्ची. ‘‘आणि आमचा पाडा?’’ मी विचारलं. त्यांनी वही मिटली. जाता जाता म्हणाल्या, ‘‘तक्रार करता येते. दोन माणसं पुरतात.’’

मग मी वाचत बसले. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा देशोदेशीची माणसं एका हॉटेलात जमली आणि अशा बँकांचा पाया घातला. कुणाचं मत किती वजनाचं, हेही तेव्हाच ठरलं. त्याच सुमाराला इथे झरीला माझा पणजा हजारो वारल्यांमध्ये उभा होता, वेठ करणार नाही म्हणून सांगायला. तो लग्नगडी होता. लग्नाला चार दाणे उचलले म्हणून जन्मभर जमीनदाराकडे राबणारा. त्या हॉटेलात त्याला कुणी विचारलं नव्हतं. वाचताना मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही.

नोकरी गेली. दोन दिवसांनी एक फोन आला. आवाज अगदी गोड. ‘‘ताई, तुमची आई गवताला रोज एकटीच जाते ना?’’ आई आता एकटी जात नाही.

तक्रारीच्या कागदावर एक प्रश्न होता. नाव गुप्त ठेवायचं का? मी आजीला तो वाचून दाखवला.

‘‘गुपित कशाला? आमी काय चोर हाव?’’

तिनं अंगठा उमटवला. मी सही केली. पूर्ण नाव, पाडा, गाव. कागद गेला. उत्तर येईल, न येईल. खुर्च्या त्यांच्या आहेत. हे लिहिताना मला दारातून वळणावर थांबलेली गाडी दिसते आहे. तीन दिवस झाले, ती हललेली नाही. मला भीती वाटते, आणि मी पाडा सोडणार नाही. त्यांनी यावं. माझं नाव आणि घर शोधत बसायची गरज नाही, ते मीच लिहून दिलं आहे.