रिपोर्ट नॉर्मल, काकू आडवी

माझी धाकटी काकू चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा मांडलेल्या असतात, तिथे नाही. मागच्या खोलीत, जिथे भिंगांच्या कडा घासून ती फ्रेममध्ये बसवतात, तिथे. दिवसभर मशीनची घरघर, पाण्याची बारीक धार आणि बोटांना चिकटलेली पांढरी पूड. संध्याकाळी हात धुतले तरी नखांच्या कडेला ती पूड राहतेच.

हे झालं पोटापाण्याचं. जीव मात्र टेबल टेनिसमध्ये. पस्तिशी ओलांडल्यावर तिनं पहिल्यांदा बॅट धरली. काका बस चालवतात. त्यांच्या डेपोमागच्या हॉलमध्ये एक टेबल होतं आणि काका तिथे गप्पा छाटत बसायचे. काकू त्यांना घरी न्यायला गेली, उभी राहून कंटाळली, तेव्हा कुणीतरी तिच्या हातात बॅट दिली. थोड्या वेळानं काका म्हणाले, "चल, निघू." तर ही म्हणते, "थांबा हो, अजून हरतेय मी." तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार हॉलचे. घरात पाहुणे असोत नाहीतर पंखा बिघडलेला असो, काकू हॉलमध्ये.

तिच्या सर्व्हिसला तिथे 'भोवरा' म्हणायचे. चेंडू टेबलाला टेकला की समोरच्याला वाटे तिकडे न जाता स्वतःच्या मर्जीनं वळायचा. डबल्समध्ये तिचा जोडीदार म्हणजे हॉलसमोरचा न्हावी. सगळे त्याला 'कात्री' म्हणत, कारण पळताना त्याचे पाय एकमेकांवरून जात. काकूपेक्षा वयानं मोठा, अंगानं काडी, आणि बोलणं तिरकं. या दोघांनी शहरातल्या सगळ्या हॉलांच्या स्पर्धेत डबल्सचा कप सलग दोनदा आणला होता.

मग एका शुक्रवारी काकूनं सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला आणि ती जमिनीवर पडली. "चेंडू वरच राहिला," ती सांगते, "आणि हॉल खाली आला." डोकं सुन्न नव्हतं, दुखत काही नव्हतं. नुसते पाय नाहीसे झाल्यासारखे झाले आणि छातीत कुणी दार ठोठावत असल्यासारखं धडधडायला लागलं. कात्रीनं तिला बाकावर झोपवलं, पाणी दिलं. काकू म्हणाली, "घाम जास्त आला असेल." आणि उठायला गेली, तर पुन्हा तेच.

पुढच्या आठवड्यात दुकानात तिच्या हातातून भिंग निसटून फुटलं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग घरी ओट्याशी उभी असताना. मग आंघोळीच्या वेळी. उभं राहिलं की घर फिरायचं, बसलं की हळूहळू थांबायचं. आणि वर थकवा. झोपून उठली तरी रात्रभर पोती उचलल्यासारखी.

सुरू झाल्या डॉक्टरांच्या वाऱ्या. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. नॉर्मल. कानाच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून मान इकडून तिकडे वळवली. नॉर्मल. हृदयाचे डॉक्टर, त्यानंतर मेंदूचे. काकू म्हणायची, "एकेका अवयवाला वेगळा मालक. आणि प्रत्येक मालक म्हणतो, माझं घर ठीक आहे, शेजारी विचारा."

मेंदूच्या डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर होते. त्यांनी स्कॅनची फिल्म उजेडात धरली आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे."

"मग मी पडते का?"

"कधीकधी ताणामुळे होतं. घरी काही त्रास?"

"घरी नवरा आहे," काकू म्हणाली, "पण तो आधीपासून आहे. तेव्हा मी पडत नव्हते."

डॉक्टर हसले. काकू हसली नाही. बाहेर आल्यावर जिन्यात कठडा धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "काहीतरी निघायला हवं होतं गं. छोटंसं तरी." आजार निघावा अशी इच्छा धरणं किती विचित्र, हे तिलाही कळत होतं. पण नाव नसलेल्या दुखण्याशी भांडायचं कसं? सहन होत नाही आणि सांगताही येत नाही.

घरी तर सांगायलाच नको. माझी आत्या म्हणजे काकूची थोरली नणंद. तिनं 'सगळं नॉर्मल' ही बातमी आनंदानं सगळ्या नातेवाइकांत वाटली. घरी येऊन म्हणाली, "काही नाही निघालं ना? मग उठ की आता! पडून राहिलं की माणूस आजारीच होतो."

"वन्सं, मी हौसेनं पडत नाही."

"तसं कुठे म्हणतेय मी? पण मन रमव जरा. आणि ते खेळणं आता बंद कर."

"मन तिथेच रमतं ना पण!"

आत्याचं एकेक निघायचं. उशी बदल. उजव्या कुशीवर झोप. चहा सोड. एकदा म्हणाली, घराचा रंगच गडद आहे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. काकू ऐकून घ्यायची, पण आत्या गेल्यावर उशा भिंतीवर फेकायची. त्यासाठीही आधी बसावं लागायचं.

काकांनी मात्र न बोलता एक काम केलं. काकूची बॅट उंच कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवून दिली. काकूला ती सापडेना. तिनं सगळं घर उलथंपालथं केलं, शेवटी मान वर करून पाहिलं आणि जे समजायचं ते समजली.

"अहो, ही वर कुणी ठेवली?"

"मी."

"मला तिथे चढवत नाही हे माहीत असून?"

"म्हणूनच ठेवली."

त्यानंतर जो भडका उडाला, तो शेजारच्यांनीही ऐकला. काकू म्हणाली, कामावर अर्धी झालेय, घरात अर्धी झालेय, एवढी एक गोष्ट पुरी होती, तीही तुम्ही बॅगांमागे टाकलीत. काका म्हणाले, "हॉलमधून फोन आला तेव्हा माझ्या गाडीत माणसं होती. त्यांना मधेच उतरवून येता येत नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत चालवली मी गाडी. प्रत्येक थांब्यावर थांबलो. तू शुद्धीवर आहेस की नाही हे मला माहीत नव्हतं."

काकू खुर्चीत बसली. मग म्हणाली, "ते कळतं मला. पण बॅट खाली काढा." काकांनी स्टूल आणलं आणि काढून दिली.

ती पुन्हा हॉलमध्ये गेली. त्या दिवशी अंगात बळ होतं. ती खेळली, चक्क जिंकली, लाल गालांनी घरी आली. आणि नंतरचे काही दिवस अंथरुणातून उठली नाही. हे असंच चालायचं. चांगला दिवस हा कर्ज असल्यासारखा, व्याजासकट वसूल व्हायचा. पण बघणाऱ्यांना फक्त चांगला दिवस दिसे.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकाच्या कानावर ते गेलंच. त्यानं मागच्या खोलीत येऊन विचारलं, "बाई, मंगळवारी खेळताना दिसलात म्हणे. आणि बुधवारी चक्कर?"

"हो. मंगळवारी खेळले म्हणूनच बुधवारी चक्कर."

"मग खेळू नका ना."

"न खेळताही येते."

"हे काही मला समजत नाही बुवा."

"मलाही नाही," काकू म्हणाली. "पाय मोडला असता तर प्लास्टर दाखवलं असतं. आता काय दाखवू?"

मालक गेला आणि ती मशीन चालू ठेवून रडली, म्हणजे पुढच्या खोलीत ऐकू जाणार नाही. मालक तसा वाईट नव्हता. त्यानं उंच मशीनसमोर बसता येईल अशी खुर्ची दिली, पण कामाचे तास निम्मे केले आणि पगारही. "तुमच्याच तब्येतीसाठी," म्हणाला.

हॉलच्या लोकांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी तिला पंच केलं. टेबलाच्या बाजूला बसायचं, पॉइंट सांगायचे. काकू बसली. चेंडू डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. काही मिनिटांत तिला खुर्चीतच गरगरायला लागलं. तिनं चेंडूकडे बघणं सोडलं आणि नुसत्या आवाजावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. दोन्ही खेळाडू तिच्या अंगावर आले, तीही त्यांच्या अंगावर गेली, म्हणजे बसल्या बसल्या. "डोळे मिटून पंचगिरी करते!" कुणीतरी ओरडलं. "उघडून केली तर ओकेन तुमच्यावर!" काकू म्हणाली. तिची पंचगिरी तिथेच संपली.

मग कात्रीला एक कल्पना सुचली. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची जुनी खुर्ची होती, पायानं पंप मारला की वर जाणारी. "वहिनी, उंची पाहिजे तेवढी. बसून खेळा." चार माणसांनी ती अवजड खुर्ची रस्ता ओलांडून हॉलमध्ये आणली. काकू बसली, झोकात सर्व्हिस मारली, आणि खुर्ची तिला घेऊन गोल फिरली. आधीच चक्कर, त्यात ही. लोक पोट धरून हसले. काकूनं बॅट खाली ठेवली आणि कात्रीला म्हणाली, "मला बरं करायला आणलीत की मारायला?" बाकावर पडून राहिली, पण त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःही हसत होती.

खुर्ची परत गेली. काकूनं घरून साधी, चार पायांची, पाठ असलेली लाकडी खुर्ची आणली. आणि मग तिला जे कळलं, ते हसण्यासारखं नव्हतं. बसून ती कुणालाच हरवू शकत नव्हती. हात पुरत नव्हता. चेंडू कोपऱ्यात आला की नुसतं बघत बसायचं. आदल्या महिन्यात बॅट धरायला शिकलेल्या एका शिपायाकडून ती हरली. वर त्यानं सांत्वन केलं, "छान खेळता हो, या परिस्थितीत." काकू म्हणते, आयुष्यात कुणाला बॅट फेकून मारावीशी वाटली असेल, तर त्याला.

त्याहून तिला कात्री सलायला लागला. तो मुद्दाम हातात चेंडू देत होता. मध्येच तिनं चेंडू मुठीत धरून ठेवला.

"हे काय चाललंय तुमचं?"

"काय?"

"मधोमध टाकताय सगळे. दाढी करताय का माझी, हळूहळू?"

"वहिनी, तुम्ही बसलेल्या, मी उभा..."

"मग तुम्हीही बसा."

पुढच्या वेळी कात्रीनंही एक खुर्ची आणली. तेव्हा कुठे खेळाला खेळासारखं रूप आलं. बसल्यावर त्याचे पाय एकमेकांत अडकत नव्हते, त्यामुळे तो उलट जास्त चांगला खेळायला लागला. काकूला तोही राग.

याच सुमारास ती आणखी एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. जायचं नव्हतं, काकांनी नेलं. बाईंनी तिला आडवं करून नाडी मोजली, मग उभं करून बराच वेळ मोजत राहिल्या. म्हणाल्या, "उभं राहिलं की तुमची नाडी धावायला लागते. हे खरं आहे, तुमच्या मनाचं नाही. पण ते कशानं सुरू झालं, आणि कधी थांबेल, मला माहीत नाही." त्यांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलं, पायांना घट्ट मोजे, उठताना घाई नको, आणि एक छोटी गोळी.

काका बाहेर येऊन म्हणाले, "म्हणजे यांनाही माहीत नाही."

"हो," काकू म्हणाली, "पण यांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं."

थोडा फरक पडला. थोडाच. ओट्याशी उभं राहणं जरा वेळ जमायला लागलं. आत्या म्हणाली, "बघ, मी सांगत होते, उशी बदलल्याचा गुण." काकूनं आत्याच्या पाठीमागचीच उशी काढून घेतली.

डबल्सच्या स्पर्धेचे दिवस आले. डबल्समध्ये सतत हलावं लागतं, खुर्चीवर ते होत नाही. कात्री दुसऱ्या कुणाबरोबर खेळायला नाही म्हणत होता, पण हॉलवाल्यांनी त्याच्या जोडीला पोस्टात काम करणारी एक चपळ मुलगी दिली. काकू बघायला गेली. मला शेजारी बसवून घेतलं होतं, पडली तर धरायला. कात्री आणि ती मुलगी जिंकली. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. काकूनं हात मांडीवर ठेवले होते.

कात्री घाम पुसत आला. काकू त्याला म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही हरावं असं वाटत होतं मला. सगळा वेळ."

"मला दिसत होतं. तुमचं तोंड बघून माझ्या दोन सर्व्हिस गेल्या."

"मग तरी जिंकलात कशाला?"

"काय करू, ती पोरगी ऐकेना." तो तिच्याशेजारी बसला. "तुमच्याकडून भोवरा शिकायचाय म्हणते."

"नाही," काकू म्हणाली. "अजून नाही." आणि कात्रीनं पुन्हा विचारलं नाही.

याला आता दोन वर्षं होत आली. दुखण्याला अजून नाव नाही. लोक विचारतात, "आता बरी ना?" आणि काकूला ठरवावं लागतं की समोरच्याकडे किती वेळ आहे. चष्म्याच्या दुकानात ती अजून निम्मे तास जाते. मंगळवारी खेळते, जमलं तर. शुक्रवार तिनं सोडून दिला, आणि शुक्रवारी तिच्याशी कुणी बोलू नये हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

परवाच्या मंगळवारी मी गेले होते. कात्रीशी पहिलाच गेम रंगात आला होता, ती पुढे होती, आणि अचानक तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं बॅट टेबलावर ठेवली, कात्रीनं आणि मी तिला बाकावर नेलं, पाय भिंतीला टेकवून झोपवलं. डोळे मिटून ती पडून होती. ओठ घट्ट आवळलेले. वाटलं, आता रडेल.

"स्कोर काय झाला होता?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

कात्रीनं सांगितला.

"शेवटचा पॉइंट माझ्यात धरला नाहीत तुम्ही. कडेला लागला होता चेंडू."

"नव्हता लागला, वहिनी."

"लागला होता! मी ऐकला."