गोठ्यात कोणती बॅटरी न्यायची

बॅटरीवरून किस्से होतात हे शहरातल्या माणसाला पटणार नाही. त्याच्या मोबाईललाच टॉर्च असतो. आमची वस्ती सोनईपासून आत, चारी बाजूंनी ऊस, आणि लाईट तिच्या मनाला येईल तेव्हा. हातातल्या टॉर्चला इथं बॅटरी म्हणतात आणि ती पिवळ्या बल्बची की एलईडी, यावरून माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालीत. किस्से साचतात ते असे. मी डिप्लोमा अर्धवट सोडून घरी बसलोय, त्यामुळं सगळे माझ्या डोळ्यांदेखत झालेत.

*

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची बॅटरी स्टीलची, लांबडी, आत पिवळा बल्ब. पेटली नाही की मांडीवर आपटायची. सेल उतरले तरी टाकायचे नाहीत, पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, पापड घालतात तसे.

एकदा दिवेलागणीला उसात काहीतरी खसपसलं. तात्या छाती काढून पुढं झाले, बॅटरी रोखली, बटण दाबलं. काही नाही. मांडीवर आपटली. काही नाही.

"तात्या, सेल पत्र्यावर हायेत."

"मग आधी बोलायला काय झालं हुतं तुला?"

तेवढ्यात रानडुक्कर निघालं आणि आमच्या दोघांच्या मधून गेलं.

*

मग मी बाजारातून चार्जिंगची एलईडी आणली. झोत थेट विहिरीपलीकडच्या बांधापर्यंत. तात्यांनी ती माझ्या तोंडावर मारून बघितली.

"ह्या उजेडात जितं माणूस मेल्यावानी दिसतंय."

खरं सांगायचं तर एलईडीनं मलाही दगा दिलाय. पिवळा बल्ब मरायच्या आधी लाल होतो, माणसाला घरी पोचायला वेळ देतो. ही शेवटपर्यंत ऐटीत, आणि मग एकदम ठार. माझी नेमकी विहिरीच्या काठावर गेली. मी खाली बसलो आणि जमीन चाचपत मागं मागं सरकलो.

"आता डिप्लोमाचा उजेड पाड की," लांबून तात्या म्हणाले. हात द्यायला काही आले नाहीत.

*

मग बिबट्या आला. गोठ्यामागं बांधलेलं कुत्रं सकाळी नव्हतं. साखळी होती.

आई रोज दिवस मावळताना त्याच गोठ्यात गाय-म्हशीची धार काढते. म्हणून कोणती बॅटरी कुणाकडं, हे ठरवायला बैठक बसली. वस्तीवरचे सगळे वडीलधारे, लिंबाखाली, भर दुपारी. दोन्ही बॅटऱ्या उन्हात पेटवून बघितल्या!

"मला तर दोनी सारख्याच वाटत्यात," शेजारचे बाबा म्हणाले.

निकाल लागला. एलईडी तात्यांकडं, जुनी गोठ्याला.

"कुत्रं गोठ्यामागून गेलंय," मी म्हणालो.

"गोठा काय लांब हाय व्हय? हाक मारली की आमी हाय," तात्या म्हणाले.

"आईला विचारलं का?"

"बायामाणसाला बॅटरीतलं काय कळतंय? आन् कालेज सोडलं तसं तोंडबी सोडलंस व्हय रं?"

माझे वडील, अण्णा, कारखान्यावर पाळी करतात. त्यांना मत विचारलं. "तात्या म्हणतील तसं." स्वतःच्या लग्नातही हेच म्हणाले असतील.

*

मी गपचूप बॅटऱ्या बदलून ठेवल्या. तात्यांना कळलं. ओरडा मला नाही बसला, आईला बसला. पोराला फितवते म्हणून. आई जुनी बॅटरी उचलून गोठ्यात गेली. माझं डोकं मात्र दिवसभर तापलेलं.

*

आता हा परवाचा. दिवस मावळला आणि लाईट गेली. आई गोठ्यात, मी नि तात्या ओट्यावर. गोठ्याच्या कुडातून पिवळा उजेड दिसत होता. बघता बघता तो लाल झाला. मग नाहीच.

गाय दावं ओढायला लागली.

मी आईला हाक मारली. तात्यांनी एलईडी पेटवली. झोत थेट आईच्या तोंडावर. ती बादली धरून गोठ्याच्या दारात उभी होती, डोळे मिटलेले, पांढरीफटक.

"उजेड माझ्यावर नका धरू," ती हळू म्हणाली. "उकिरड्यावर धरा."

तात्यांनी झोत फिरवला. उकिरड्यावर दोन डोळे चमकले.

"तात्या, चला."

तात्या हलले नाहीत. झोत तेवढा हलत होता, कधी उकिरड्यावर, कधी आभाळात.

मी घमेलं उचललं आणि दगडानं बडवत गोठ्याकडं पळालो. बिबट्या सावकाश उठला, काही घाई नसल्यासारखा, आणि उसात शिरला.

आई माझ्याबरोबर ओट्यापाशी आली. बादली खाली ठेवली. दूध सांडलं नव्हतं.

आमच्या घरात भावजय थोरल्या दिराच्या हातातून वस्तू घेत नाही. त्यानं खाली ठेवायची, मग तिनं उचलायची. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला, पुढं झाली आणि तात्यांच्या हातातली बॅटरी धरली. तात्यांची मूठ सुटेना. तिनं ओढून घेतली.

"आता कुठं निघालीस?" तात्यांनी विचारलं.

"म्हशीची धार राहिलीय," आई म्हणाली आणि गोठ्याकडं चालायला लागली.