शुगर चांगली, मग श्वास असा का?

"मॅडम, शुगर एकशे ऐंशी आहे. ईसीजी नॉर्मल. ॲसिडिटी वाटतेय. इंजेक्शन देऊन घरी पाठवू?"

कॅज्युअल्टीतले डॉ. फैजान मला विचारत होते. दुपारची ओपीडी संपवून मी नुकतीच खाली आले होते. समोरच्या बेडवर गयाबाई. वय साठीच्या आतबाहेर. हर्सूलच्या पलीकडे त्यांच्या मेंढ्या आहेत. कालपासून उलट्या आणि पोटात कळा. शेजारी मुलगा ज्ञानेश्वर आईची पाठ चोळत उभा.

मी 'पाठवा' म्हणणारच होते. तेवढ्यात गयाबाईंच्या श्वासावर नजर अडकली. दमेकरी माणूस तुटक श्वास घेतो. या खोल, भरभरून श्वास घेत होत्या आणि थांबतच नव्हत्या. छाती तपासली. फुप्फुसं स्वच्छ. ऑक्सिजनही उत्तम. मग एवढा श्वास कशासाठी?

"मावशी, दम लागतोय का?"

"दम नाय... आपोआपच चाललंय. लई गळून गेल्यावानी वाटतंय."

रक्तात ॲसिड वाढलं की शरीर श्वासाचा वेग आणि खोली वाढवून ते कमी करायला बघतं. डायबेटिसच्या पेशंटमध्ये याचं एक धोकादायक कारण असतं : कीटोॲसिडोसिस. इन्सुलिन फार कमी पडलं की पेशींना साखर वापरता येत नाही. शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर पेशंट बेशुद्ध होतो, दगावतोही. पण त्यात शुगर बहुधा तीनशे, चारशे, त्याहूनही वर असते. एकशे ऐंशीला संशय कोण घेणार?

अशा पेशंटच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. मी वाकून पाहिलं. आला तो लवंगेच्या तेलाचा वास.

"मायचे दात काढलेत," ज्ञानेश्वर म्हणाला. "कवळी बसवायचीय. तवापासून धड जेवलीच नाय."

"मग शुगरची औषधं?"

उत्तर गयाबाईंनीच दिलं. "गोळी घेते की रोज सकाळी. एक दिवस चुकवली नाय. सुई बंद केली. पोटात अन्नच नाय, तर सुई कशाला घ्यायची?"

"गोळी कुठली?"

"ती नवी. लघवीतून साखर काढती, ती."

मी फैजानकडे पाहिलं. गोळी चांगलीच आहे, मीही लिहून देते. पण इथं जेवण बंद, इन्सुलिन बंद आणि गोळी चालू. साखर लघवीवाटे निघून जात होती, म्हणून मशीनवर आकडा बरा दिसत होता. आत मात्र कीटोन साठत असणार. असं क्वचित होतं. मी वाचलं होतं, समोर पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, एबीजी घ्या. कीटोनही पाठवा."

एबीजी म्हणजे मनगटाच्या धमनीतलं रक्त घेऊन त्यातलं ॲसिड तपासणं. रिपोर्ट आला. फैजानांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या हातात दिला. ॲसिड धोक्याच्या पातळीवर. कीटोन भरपूर. गयाबाईंना आयसीयूत हलवलं.

तिथं वेगळाच पेच. सलाईन सुरू झालं, इन्सुलिन सुरू झालं आणि सिस्टरनी ग्लुकोजची बाटली आणली. ज्ञानेश्वर स्टँडपुढे आडवा उभा राहिला.

"सिस्टर, थांबा! माय शुगरची पेशंट हाय. ग्लुकोज लावून मारता का तिला?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न रास्त होता. वर्षानुवर्षं आम्हीच या घराला साखर बंद करायला सांगितलं होतं.

"कीटोन थांबवायला इन्सुलिन लागणारच," मी म्हटलं. "पण तुमच्या आईची शुगर फार वाढलेली नाही. नुसतं इन्सुलिन दिलं तर ती एकदम खाली पडेल. तो दुसरा धोका. म्हणून सोबत ग्लुकोज."

त्यानं बाटलीकडे बघत हिशोब जुळवला. "म्हंजी सुई ॲसिडसाठी. अन् ग्लुकोज सुईसाठी."

"व्हय."

"मग लावा," तो बाजूला झाला. "पण मी दारातच बसतो."

इन्सुलिनमुळे रक्तातलं पोटॅशियमही उतरतं आणि त्याचा हृदयाला त्रास होऊ शकतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा रक्त तपासावं लागलं. गयाबाई प्रत्येक वेळी निमूटपणे हात पुढे करायच्या. दर रिपोर्टला ॲसिड थोडं थोडं कमी होत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला त्यांचा श्वास शांत होता. पोटाची कळही आपोआप थांबली होती. तीही ॲसिडमुळेच होती.

"भूक लागली," त्या म्हणाल्या. "पण खाऊ कशानं?"

मऊ खिचडी आली. ती गोळी आम्ही कायमची बंद केली, इन्सुलिनची रोजची सुई पुन्हा चालू केली.

आता आमच्याकडे डायबेटिसचा पेशंट उलट्या करत आला की शुगर कितीही असो, कीटोन तपासतो. मशीन विचारलं तेवढंच सांगतं. आम्ही फक्त शुगर विचारली होती.

फॉलोअपला गयाबाई जावेला घेऊन आल्या. तिलाही डायबेटिस. "हिला सांगा मॅडम. ही उपास आला की सुई बंद करती. माझं ऐकत नाय."

मी सांगितलं. इन्सुलिन मनानं बंद करायचं नाही, डोस डॉक्टरांना विचारून बदलायचा. उपास, उलट्या, ताप असला की गोळ्यांचंही विचारायचं. उलट्या थांबेनात किंवा श्वास गयाबाईंसारखा खोल चालू लागला, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

जावेला काही पटलेलं दिसलं नाही. "मला तर कधी काय झालं नाय," ती म्हणाली.

"मला तरी कुठं झालं होतं आधी?" गयाबाई म्हणाल्या आणि तिच्या हाताला धरून तिला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं.