कॅप्टनची उशी

माधवनगरात लोक म्हणत, "नदाफाच्या गादीत ढेकूणसुद्धा इचारून शिरतो." हे ऐकून जैनुद्दीन नदाफांना कधी संकोच वाटल्याचे कुणाच्या पाहण्यात नव्हते. सारी हयात कापूस पिंजण्यात गेलेली. एखादी सरकी राहिल्याची शंका आली, तरी ते भरलेली उशी पुन्हा उसवत.

सून समीना कुत्र्यांचे केस कापायचे काम शिकून आली, तेव्हा त्यांनी अर्धे दुकान तिला दिले. पण चार माणसांदेखत अट घालून. "माझ्या कापसात एक जरी केस घावला, तर त्याच दिवशी तुझं काम बंद."

ऐन चैत्रात निवृत्त सुभेदार मानसिंग आपल्या पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार कुत्र्याला, कॅप्टनला, घेऊन आले. "पोरी, उन्हानं बेजार झालाय. फौजी कट मार."

"मारते काका, पण आतली लव आधी काढू द्या. न्हाईतर मशीन अडकंल आन् कातडी ओढंल."

ती केसांचा एकेक थर उचलून तारेचा ब्रश फिरवू लागली. पलीकडे विजयमालावहिनींच्या, म्हणजे सुभेदारणीच्याच, उशीसाठी कापूस पिंजणाऱ्या जैनुद्दीनांचे हात शिवशिवले. गाठ बोटांनी सोडवायची, मग विंचरायचे, हिसका द्यायचा नाही; हे तर त्यांचेच काम! "सर जरा," म्हणत ते कुत्र्यापाशी बसले. कॅप्टनने सुखाने डोळे मिटले. लवेचे पुंजके निघत गेले आणि जन्माच्या सवयीने डावा हात ते मागच्या कापसाच्या ढिगावर टाकत गेला. मग समीनाने कॅप्टनला धुतले, वाळवले, मशीन फिरवले. कुत्रा निम्मा झाला. ढीग वाढल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आठवड्याने सुभेदार उशी काखोटीला मारून दारात हजर. मागोमाग कॅप्टन. "जैनुद्दीन, ह्यात भरलंयस तरी काय गड्या? हिच्या डोक्याखालची उशी हा पळवतो. हात लावला की गुरगुरतो. मला, सुभेदाराला!"

जैनुद्दीनांनी शिवण उसवली आणि चिमूटभर पुंजका बोटांत चोळला. समीनाने मशीनची वायर गुंडाळायला घेतली. शेजारचा पानवाला धुळा मजा बघायला गल्ला सोडून आला होता.

"आवं चाचा, केस घावला की! आता अटीचं काय?"

"अट माझी, हात माझा, चूक बी माझीच. मग काम तिचं का बंद करायचं रं? समीना, वायर लाव परत. आन् सुभेदार, उशी ज्याची हाय त्याला देऊन टाका."