दोनच टायर बर्फाचे होते

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, वडिलांना, अण्णांना, तर नाहीच — ते गेले तेव्हा त्यांना माझा अभिमानच होता, आणि तो तसाच घेऊन ते गेले. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही ओळखीचे नाहीत म्हणून असेल. बसा जरा.

आधी मी कोण ते सांगते. माजलगावात माझं टायरचं दुकान आहे. अण्णांचं पंक्चरचं खोपटं होतं, त्याचं दुकान मी केलं. आणि हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, त्याला मी काय करू? उसाच्या ट्रॅक्टरपासून एसटीपर्यंत कुठलाही टायर असो, नुसता तळवा फिरवून मी सांगते की गाडीचं कुठं चुकतंय, हवा कमी असते की चाक वाकडं बसलंय. सुरुवातीला लोक यायचे आणि विचारायचे, "मालक कुठं हायेत?" मी म्हणायचे, बोला, समोरच बसलेय. दोन-तीन वर्षांत ते विचारणं बंद झालं. पुढं पुढं तर कुणाचं टायरवरून भांडण लागलं की म्हणायचे, सुमनताईला दाखवा, ती सांगेल ते खरं.

ती सांगेल ते खरं. हे वाक्य मी कमावलं होतं.

दुष्काळाचं ते साल. धरण इतकं आटलं होतं की बुडालेल्या गावाच्या देवळाचं जोतं उघडं पडलं होतं आणि लोक ते बघायला जायचे. ऊस जनावरांच्या छावण्यांत गेला, उरला तो जागेवर वाळला. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. एरवी दिवाळी झाली की चेअरमनसाहेबांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. त्या वर्षी ते रिकामे होते. आणि त्यांच्या बायकोला — आम्ही सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणायचो — आयुष्यात एकदा बर्फ बघायचा होता. मोठ्या आजारातून उठल्या होत्या बिचाऱ्या. साहेबांनी शब्द दिला. विमानानं नाही जायचं, आपल्या गाडीनं जायचं, थेट हिमाचलात.

गाडी म्हणजे कशी! काळी, लांब, परदेशी बनावटीची. दार लावलं तरी आवाज यायचा नाही. जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती. पण ती मागच्या चाकांवर ओढणारी गाडी. कोरड्या रस्त्यावर तिच्यासारखी पळणारी दुसरी नाही, पण निसरड्यावर तीच गाडी हट्टी होते. साहेबांनी मला कारखान्यावर बोलावून घेतलं. संचालक मंडळी पोर्चमध्ये खुर्च्या टाकून बसली होती. काम नव्हतंच कुणाला. साहेबांना मोठी एकोणीस इंची, चकाकणारी चाकं हवी होती, फोटोत उठून दिसतील अशी.

मी म्हणाले, नाही. सगळ्यांच्या समोर म्हणाले. बर्फात चाक लहान लागतं आणि अरुंद लागतं, म्हणजे ते बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतं. रुंद टायर वरच तरंगतो. रिम सतरा इंची घ्यायची, त्याहून लहान घेतली तर या गाडीच्या ब्रेकला घासेल. टायरची बाजूची भिंत उंच हवी. आणि रबर वेगळं हवं — आपल्या टायरचं रबर थंडीत लाकडासारखं कडक होतं, बर्फाच्या टायरचं मऊ राहतं, त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या धरून ठेवतात. इथून ते लावून जायचं नाही, गरम डांबरावर झिजून जातील. चाकांचा वेगळा संच करायचा, मागून जीपमध्ये न्यायचा, डोंगर सुरू झाला की बदलायचा.

मला हे कुठून ठाऊक? आठवडाभर पुण्याच्या एका व्यापाऱ्याला फोन करून करून मी सगळं काढून घेतलं होतं. पण पोर्चमधली मंडळी खुर्च्या पुढं ओढून ऐकायला लागली. साहेब हसले आणि म्हणाले, "बाईला समजतंय." बीडचा एक मोठा दुकानदार तिथं आला होता. तो हळूच म्हणाला, माजलगावात बर्फाचे टायर मिळायला लागले का आता? दोघं-चौघं हसले. मी म्हणाले, "मिळतील. चारी मिळतील. साहेब, निघायच्या आधी तुमच्या दारात आणून ठेवते."

चारी. तो शब्द मी उच्चारला.

पुण्याच्या व्यापाऱ्याकडे दोनच निघाले. बाकीचे दोन जहाजातून येणार होते, साहेब निघून गेल्यावर कधीतरी. त्यानं मला स्पष्ट सांगितलं. त्याचे शब्द मी विसरले असते तर बरं झालं असतं, पण विसरले नाही. तो म्हणाला, "ताई, लावायचे तर चार लावा. दोनच लावायचे असतील तर लावूच नका. मागचं धरेल आणि पुढचं घसरेल, गाडी वळणारच नाही."

म्हणजे मला ठाऊक होतं. इथं थांबते जरा — कारण इतकी वर्षं मी स्वतःशी सुद्धा हे असं सरळ बोललेली नाही. चूक झाली, घाई झाली, असलं काही नव्हतं. मला ठाऊक होतं.

सांगता आलं असतं ना? साहेब, दोनच मिळाले, पायथ्याला तिथली गाडी भाड्यानं करा, असं म्हणता आलं असतं. साहेब रागावले नसते. पण तो बीडवाला हसला असता. एवढंच होतं. एका माणसाचं हसणं.

मी पुढच्या चाकांसाठी साधेच टायर घेतले. त्याच मापाचे, लांबून बघणाऱ्याला नक्षी सारखीच वाटेल असे. चारी चाकं काळी करकरीत पुसली आणि खडूनं लिहिलं, पुढं, मागं. कारखान्यावर साहेबांच्या दारात ओळीनं उभी केली तेव्हा पोर्चमधली मंडळी उठून बघायला आली. काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. जिंकल्यासारखं वाटलं.

साहेबांचा ड्रायव्हर अंकुश. पाटोद्याकडचा. घरचे सगळे ऊसतोडीला जायचे, हा एकटाच कोयता न धरलेला. इस्त्रीची पांढरी पँट घालायचा आणि गाडीला हात लावायच्या आधी हात धुवायचा. भावकीत त्याचं नाव होतं, साहेबांची गाडी चालवतो म्हणून. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, म्या बर्फ कवा बघितला न्हाई. कसं चालवायचं?" मी त्याला सांगितलं, ब्रेक हलका दाब, स्टेअरिंग आधीपासून वळवत ने, बाकी टायरवर सोड.

"चारी बर्फाचे हायेत ना?" त्यानं विचारलं. शंका म्हणून नाही. नुसतं मनाचं समाधान.

"चारी," मी म्हणाले. "बिनघोर जा."

पुढचं लवकर सांगते. डोंगरात त्यांनी चाकं बदलली. वर जाताना गाडी छान चढली — चढणारच, मागची दोन्ही खरी होती. वहिनीसाहेबांनी बर्फ बघितला, हातात घेतला. उतरताना एका वळणावर, सावलीतल्या गोठलेल्या रस्त्यावर, गाडी वळली नाही. सरळ जाऊन दगडी कठड्यावर आदळली. कठडा होता म्हणून सगळे परत आले. वहिनीसाहेबांचं गळ्याखालचं हाड मोडलं, अंकुशचं मनगट.

गाडी ट्रकवर घालून कारखान्यावर आणली. गावोगाव टँकरपुढं घागरींच्या रांगा आणि चेअरमन बर्फात गाडी ठोकून आला, हे तोवर सगळीकडे झालं होतं. साहेब बायकोच्या दुखण्यानं आतून पेटलेले. त्यांनी मला बोलावलं. तोच पोर्च, तीच माणसं. बीडवालाही होता. अंकुश खांबाला टेकून उभा, हात गळ्यात बांधलेला.

साहेब म्हणाले, "हा म्हणतो, म्या वळवलं पण गाडी वळलीच न्हाई. सुमन, टायरात काही खोट होती का?"

मी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन खाली बसले. मागच्याच. दोन्ही टायरवरून सावकाश तळवा फिरवला, चिरांत बोट घालून दाखवलं. पुढच्या बाजूला मी गेलेच नाही. माझं कुणी तपासेल असं तिथं होतंच कोण? मीच तर तपासणारी.

उठले, हात झटकले आणि म्हणाले, "टायरात काई खोट न्हाई साहेब. यानं घाबरून ब्रेक दाबला आसंल. हात बसलेला न्हाई अजून."

मी अंकुशकडे बघितलं नाही, असं म्हटलं तर सोपं जाईल. पण मी बघितलं. तो भांडेल असं वाटलं होतं. तो कपाळाला आठी घालून काहीतरी आठवत होता — ते वळण परत आठवत होता बहुतेक. मग त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "ताई म्हणत्यात तर तसंच झालं आसंल."

त्याच दिवशी साहेबांनी त्याला काढलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, ऊस उभा राहिला, कारखान्याच्या सगळ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे टायर माझ्याकडून जायला लागले. दुकानावर मजला चढला. महिला दिनाला मला बोलावून शाल घालायचे, मी भाषण करायचे. त्याच हंगामात अंकुश बायकोबरोबर टोळीत गेला, कर्नाटकात, ऊस तोडायला. मनगट नीट जुळलेलं नव्हतं. हे मला एका मुकादमानं सहज बोलता बोलता सांगितलं. मी त्याला चहा दिला आणि दुसरा विषय काढला.

नंतर माझी झोप उडाली, अन्न गोड लागेना, असं काही झालं नाही. खोटं कशाला बोलू आता? मी नीट जेवले, नीट झोपले, धंदा वाढवला. त्या वर्षांचा मला आजही अभिमान आहे. फक्त एक — तळवा फिरवून निकाल द्यायची माझी सवय होती ना, ती गेली. माणसं दाखवायला टायर आणायची, मी म्हणायचे, मशिनवर लावून बघू. लोकांना वाटलं, ताई आधुनिक झाली.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात अंकुश दुकानात आला. केस पांढरे, तरी मी लगेच ओळखलं. बरोबर लेक होती, अंबाजोगाईला नर्स आहे ती, बापाच्या तोडणीवर शिकलेली. तिच्या स्कूटीला टायर हवा होता. अंकुश तिला म्हणाला, टायर घ्यायचा तर ताईकडूनच, दुसरीकडं जायाचं न्हाई. मी खुर्च्या मागवल्या. तो उभाच राहिला.

लेक हसत सांगत होती, स्कूटी कुणाकडून तरी शिकले, बाबांना इतकं म्हटलं पण ते हँडलला हात लावत नाहीत, जीपमध्ये पुढच्या सीटवरसुद्धा बसत नाहीत.

तो म्हणाला, "आपला हात न्हाई तो, ताई. मला तर खरंच वाटायचं म्या येळेवर वळवलं म्हून. तुमी त्या दिशी सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं, बरं झालं. न्हाईतर तसाच चालवत राहिलो आसतो आन् कुणाचा तरी जीव घेतला आसता."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? समोर होता. लेक होती, तिच्यासमोर सांगितलं असतं तर जास्तच बरं झालं असतं. मी काय केलं? स्कूटीचा टायर स्वतःच्या हातानं बसवला, हवा मोजून भरली आणि म्हणाले, आता काळजी नाही. तो नमस्कार करून गेला. लेक चालवत होती, तो मागं बसला होता, दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरून.

म्हणून आता जे आहे ते तुम्हाला सांगून टाकते. त्या वळणावर अंकुशनं स्टेअरिंग वेळेत वळवलं होतं. ब्रेक त्यानं हलकाच दाबला असणार, मीच सांगितलं होतं तसा. पुढची चाकं वळली होती, पण त्यांच्या रबरानं रस्ता धरला नाही, कारण ते रबर बर्फाचं नव्हतं, आणि ते मी लावलं होतं, सगळं माहीत असून. या अख्ख्या तालुक्यात टायरमधलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. तेव्हा हे माझ्याकडून पक्कं समजा — तो चांगला ड्रायव्हर होता.