काचेवरची टिकली

बाबा रेल्वेत होते, छत्तीसगडात भिलाई-३ स्टेशनला. एका साहेबानं स्वतःच्या बदलीच्या वेळी त्यांना एक जुनं छापील चित्र दिलं होतं. शिडांचं लढाऊ जहाज बंदरात शिरतंय आणि धक्क्यावर माणसं वाट बघत उभी आहेत. समुद्र आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. तरी भिलाईतल्याच स्मृती नगरच्या घरी ते चित्र कायम समोरच्या खोलीत राहिलं.

बाबा गेल्यावर आई दुपारची चित्रासमोर खुर्ची टाकून बसू लागली. एकदा मी शाळेत शिकवून घरी आले, तर तिनं मला जवळ बोलावलं.

"जहाज आत येऊन राहिलं," ती म्हणाली.

तिनं महिन्याभरापूर्वी काचेवर, बरोबर जहाजाच्या टोकावर, एक टिकली चिकटवली होती. बाबा गेल्यापासून ती टिकली लावत नव्हती, पाकीट उरलं होतं. आता जहाजाचं टोक टिकलीच्या बोटभर पुढे होतं.

कागद सरकला असेल, असं मी तिला समजावलं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी चित्र उतरवलं, मागचे खिळे काढले. कागद चारही बाजूंनी पुठ्ठ्याला पक्का चिकटवलेला होता. काच चौकटीत घट्ट बसली होती. टिकलीही इतकी पक्की होती की नखानं खरवडावी लागली.

चित्र परत टांगलं आणि आईला सांगितलं, कागदच सरकला होता, नीट केला.

तिनं खुर्ची पुन्हा चित्रासमोर ओढली. "मले भेव नाही वाटत. फक्त पुसून राहिली, पोचायले किती दिवस लागतीन?"



दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगाखाली एक बॅग दिसली. आत चार लुगडी, औषधं आणि बाबांचा स्वेटर. स्वेटर कशाला, विचारलं तर म्हणाली, पाण्यावर थंडी असते. मी सगळं कपाटात ठेवलं. संध्याकाळी बॅग पुन्हा भरलेली होती. असं तीनदा झालं, मग मी नाद सोडला.

याला दोन वर्षं झाली. आई नीट जेवते, शेजारच्या बायकांशी गप्पा मारते. जहाज कुठवर आलं ते मी पुन्हा पाहिलेलं नाही, काच पुसतानाही नजर खाली ठेवते. परवा तिनं बाजारातून डांबरगोळ्या आणायला सांगितल्या, स्वेटरला कसर लागू नये म्हणून. मी आणून दिल्या.