मुकान्याचं नाक

मुचानेताचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. घड्याळ तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं, म्हणून सांगतो. वीस लिटरचे दोन डबे, एक डोक्यावर, एक हातात. ओढा ते शिल्पांचं आवार, तीन खेपा. दगड घासायला पाणी लागतं. कोरडा घासला तर धूळ छातीत जाते आणि दगडावर ओरखडे राहतात. सहाला ती मांडी घालून कामाला बसलेली असे. कोरणारे आठला यायचे आणि रात्री दगड स्वप्नात येऊन काय बोलला ते एकमेकांना सांगत नऊ वाजवायचे.

मी एकतीस वर्षं गुरुवेच्या टेकड्यांतून दगड काढले. पहार, घण आणि पाचरी, यंत्र नाही. त्यामुळे काम कशाला म्हणतात ते मला विचारा. मुचानेताकडे पाच प्रकारचे पॉलिश पेपर होते, खरबरीत ते मऊ. प्रत्येकाने अख्खा दगड घासायचा. मधला एक वगळला तर पुढचे फुकट जातात. मग भोवती जाळ करून दगड तापवायचा आणि चटका बसत असतानाच वर मेण चोळायचं. राखाडी दगड तेव्हा काळाभोर होतो. पाहायला आलेले लोक म्हणायचे, दगडातला आत्मा दिसायला लागला. मुचानेता म्हणायची, "आत्मा नाही हो, माझा खांदा आहे तो."

तिच्या नावाचा अर्थ 'दमाल तुम्ही'. आईने ते आपल्या नवऱ्याला, म्हणजे मुचानेताच्या बापाला, उद्देशून ठेवलं असेल तर वाया गेलं. दमण्याइतकं काम त्याने कधी केलंच नाही.

हे मी बोलू शकतो. मी त्याचा साहविरा. आमच्यात प्रत्येक घराचा एक साहविरा असतो. त्या घरातलं लग्न असो की मरण, टोमणे मारायचा हक्क त्याचा, आणि कबर खोदायचं कामही त्याचंच. मुचानेताच्या बापाचं देवक वानर, म्हणून त्याला सगळे मुकान्या म्हणत. माझं रानरेडा, म्हणून मी न्याती. खाणीत आम्ही दोघं एकाच पहारीवर होतो. निदान दोघांचे हात पहारीवर असायचे. जोर माझा असायचा.

एकदा खड्ड्यात एक मोठा दगड लागला. काळा, टणक, वर गंजासारखी साल. मी पहार घातली. मुकान्या काठावर बसला.

"हा नको काढू," म्हणाला. "आत कुणीतरी आहे."

"कोण आहे?"

"ते मला काय माहीत? पण झोपलंय. झोपलेल्याला उठवू नये."

"तुला कुणी उठवू नये म्हणून म्हणतोयस ना?"

तो हसला. दगड तिथेच राहिला. त्यानंतर वर्षभरात मुकान्या गेला. त्याची कबर मी खोदली आणि तिथेही त्याला सुनावलं की निदान या खड्ड्यात तरी उतर.

माणूस गेला की वर्षभराने नाचणीची बियर गाळून, ती कबरीवर ओतून त्याला घरी आणायचं असतं. तोवर तो रानात भटकतो. घरी आला की पितर होतो, पोराबाळांना सांभाळतो. मुकान्याला जाऊन सहा वर्षं झाली तरी तो रानातच होता. पितराच्या नावाने गोठ्यात वळू सोडावा लागतो, आणि तो आणायचा होता थोरल्या मुलाने, टोबायसने. तो जोहान्सबर्गला. दर वर्षी फोनवर म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की.

मुचानेता म्हणायची, "न्याती, बाबा स्वप्नात येतात. कुंपणाबाहेर उभे असतात, टोपी हातात घेऊन. आत या म्हटलं की म्हणतात, कसा येऊ?"

"कुंपणाला दार आहे म्हणावं. ढकलायला लागेल म्हणून उभा असेल."

ती हसायची. पण डोळे पुसायची.

तिची मजुरी मात्र पत्र्यांसाठी साठत होती. स्वयंपाकाच्या झोपडीचं गवत कुजलं होतं. पावसात साद्झा ढवळताना मक्याच्या पिठात वरून काळं पाणी टपकायचं. दीड वर्ष ती पत्रे पत्रे करत होती.

त्या वर्षी खाणीतल्या नव्या पोरांनी मुकान्याने काढू न दिलेला तो दगड बाहेर काढला. तो ग्वातिद्झोच्या वाट्याला आला. ग्वातिद्झो मुतोकोकडून आलेला, गावात जेमतेम दोन वर्षं. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. महिनाभर छिन्नी आणि कानस चालवून त्याने बसलेला म्हातारा काढला. लांब हात गुडघ्यांवर, बोटं वानराची, डोळे मिटलेले. मग दगड मुचानेताकडे आला. तिने पाठ घासली, हात घासले, आणि चेहऱ्याला पाणी लावलं तशी हातातला कागद ठेवून माझ्या घरी आली.

"न्याती, त्याला बाबांचं वर्णन तुम्ही केलंत?"

"मी आयुष्यात कुणाला नाक समजावून सांगितलंय?"

जाऊन पाहिलं. मुकान्याच होता. डावीकडे वाकलेलं नाक, सायकलवरून पडून झालेलं. आणि बसणं तर असं, की कुणी काम सांगेल या भीतीने आधीच दमलेला.

ग्वातिद्झो म्हणाला, "मी कुणाला कोरत नाही. दगड सांगतो, मी फक्त वरचं काढतो."

"मग दगडाने माझ्या बापाचं नाव नाही सांगितलं?" मुचानेता म्हणाली. "नाकाला मी हात लावणार नाही. अजून घरी न आलेल्या माणसाला परक्याच्या हाती द्यायचं?"

"ताई, गिऱ्हाईक ऑक्टोबर संपता संपता येतंय! नाक खरबरीत ठेवून विकू?"

"मग तू घास."

त्याने घासायला घेतलं. दहा मिनिटांत त्याचा खांदा धरला. दगड त्याच्याशी पुष्कळ बोलायचा, पण घासायची वेळ आली की दोघंही गप्प.

शेवटी दोघं माझ्यासमोर येऊन बसले. मी म्हणालो, "मुकान्या रानात उघड्यावर आहे. बसायला जागा दिसली, बसला. तेवढा तो हुशार होता. त्याला घरी आणा. तो उठून गेला की उरेल तो नुसता दगड. मग खुशाल विका." हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण मी त्याला ओळखत होतो.

नोव्हेंबरात पितरांचं काही करता येत नाही, बंदीचा महिना. म्हणजे हाती तीन आठवडे. टोबायसला फोन केला. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की." मुचानेताने फोन माझ्या हातात दिला. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो यायला तयार झाला, पण वळूचं जमणार नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुचानेता पत्र्यांचे पैसे घेऊन गुरांच्या बाजाराला निघाली. चौदा किलोमीटर, पायी. मीही गेलो. वळूचा मालक म्हणाला, "शांत आहे, कुणाला मारत नाही." तिने दात पाहिले, खूर पाहिले, पैसे मोजून दिले. परतताना पत्र्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. मीच काढला.

"पावसात काय करशील?"

"झाकण ठेवून ढवळीन."

मूलबाळ होण्याचं वय सरलेल्या बायकांनी सात दिवस नाचणी भिजवली, शिजवली, आंबवली. टोबायस आला, अंगात नवा कोट, तोंडात भरपूर सल्ले. भल्या पहाटे कबरीवर बियर ओतली, गात गात म्हाताऱ्याला अंगणापर्यंत आणलं. आता वळू. त्याच्या पाठीवर बियर ओतायची. त्याने अंग झटकलं तर म्हातारा आत आला. नाही झटकलं तर नाही आला.

टोबायसने मडकं रिकामं केलं. वळू उभा. बायकांचे टाळीला जोडलेले हात तसेच थांबले. बियर त्याच्या पोटावरून ओघळून मातीत गेली. तो रवंथ करत होता. मुचानेता कुंपणाच्या दाराशी उभी होती. दार तिने सताड उघडं धरलं होतं.

मी पुढे झालो. हे माझंच काम.

"मुकान्या! मेलास तरी खोड गेली नाही? दगड उचलायच्या वेळी तुझी पाठ दुखायची. कुदळीच्या वेळी पोट. आता तुला कुणी काही उचलायला सांगत नाही, नुसतं अंग झटकायचंय. की तेही न्यातीनेच करायचं? दीड वर्ष पोरीने खांदा झिजवलाय. डोक्यावरचं छप्पर तिने तुझ्यापायी घालवलंय. दार धरून उभी आहे बघ. ढकलायचंही नाही तुला, आळश्या! ये आत!"

वळूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सावकाश. मग शिंगापासून शेपटीपर्यंत असा थरारला, की सगळी बियर टोबायसच्या नव्या कोटावर उडाली.

बायकांचा एकच कल्लोळ झाला. मुचानेता दाराला धरून खाली बसली, हसत होती की रडत होती ते मी पाहिलं नाही. आत आलेल्या म्हाताऱ्याला मी वाकून टाळ्या वाजवत होतो.

दोन दिवसांनी तिने नाक घासायला घेतलं. पाचही पेपर, मग जाळ, मग मेण. गिऱ्हाईक आलं आणि दगड घेऊन गेलं. गाडीत चढवताना मी हात लावला. नाक तेच होतं, पण दगड हलका वाटला. पोरं म्हणाली, सहा जण उचलत होतो म्हणून. असेल.

पत्रे अजून बसलेले नाहीत. ती पुन्हा पावणेचारला उठते, आणि वळू मुहाचा नावाच्या झाडाखाली बसलेला असतो. त्याला जुंपायचं नाही, मारायचं नाही, सगळे त्याला मुकान्या म्हणतात. ऊन चढलं तरी उठत नाही. पाण्याची शेवटची खेप टाकून जाताना मुचानेता रोज त्याला विचारते, "बाबा, झोप झाली का?"

दीड वर्षाच्या मजुरीत तिने हे घेतलं.